मांडीवरची बॅग

दोहात पर्ल नावाच्या कृत्रिम बेटावरच्या कालव्यांतून वॉटर टॅक्सी फिरते. त्या दुपारी फोनवरचं माझं मराठी ऐकून एक अनोळखी माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. माझी बॅग पायाशी होती. त्याची मात्र मांडीवर होती, आणि तो तिला हलकेच थोपटत होता.

“खाली ठेवा की,” मी म्हटलं.

“नको हो, जागी होईल,” तो कुजबुजला.

मला हसू आलं. पुढच्या धक्क्याला बोट लागताच त्याने बॅग माझ्या मांडीवर ठेवली. “जरा धरा हां, येतो,” म्हणाला आणि उतरला. मी त्याची वाट बघत राहिलो. बोट सुटली, तरी त्याने वळून पाहिलं नाही. आपल्यात कायमचा जाणाराही ‘येतो’च म्हणतो, हे मला तेव्हा आठवलं.

बोटवाल्याने विचारलं, “साब, ये बैग आपका?”

“धीरे बोलो,” मी म्हणालो. माझा हात तिला थोपटत होता.