मधलं ठेव, बाकीचं काप

आम्ही नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आलो, सहा महिन्यांत कोरोनाने जग बंद झालं आणि माझा नवरा माळ्यावर गेला. तो मेलेल्या भाषांवर काम करतो, असं मी लोकांना सांगायचे आणि तो दर वेळी चिडायचा. त्याचं म्हणणं, मेलेली नाही, हरवलेली. मेक्सिकोच्या डोंगरांत मिश्तेक नावाचं भाषांचं एक कुटुंब आहे. सगळ्या सुरांच्या भाषा. तोच शब्द वरच्या सुरात म्हटला तर एक अर्थ, खालच्या सुरात म्हटला तर भलताच. या सगळ्या बहिणींची एक आई होती, दोनेक हजार वर्षांपूर्वीची, आणि ती कशी बोलायची हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लेकींच्या बोलण्यावरून आईचं बोलणं शोधून काढायचं, यासाठी विद्यापीठाने माझ्या नवऱ्याला इथे आणलं होतं. त्याने मला आणलं होतं.

असा शोधलेला शब्द लिहिताना त्याच्याआधी चांदणी काढतात. चांदणी म्हणजे, हा शब्द कुणीही कधी ऐकलेला नाही, हा आमचा आपला अंदाज. मला ही सोय फार आवडली. 'तिकडे गेल्यावर तुला लगेच काम मिळेल' हे त्याने लग्नाआधी सांगितलं होतं, तेव्हा एक चांदणी काढून दिली असती तर बरं झालं असतं.

पुण्यात मी रेकॉर्डिंग स्टुडिओत एडिटर होते. जाहिरातींच्या आवाजातले श्वास, खाकरणं, कागदांची सळसळ काढून टाकणं हे माझं काम. इथे दोन ठिकाणी मुलाखती ठरल्या होत्या, त्या बारगळल्या. नगरपालिकेचे डच शिकवायचे वर्ग लॅपटॉपवर आले आणि तिथे आम्ही पंधरा जण एकमेकांना 'ऐकू येतंय का' एवढंच विचारायला शिकलो. नवऱ्याचा मेक्सिकोचा दौराही रद्द झाला. मग त्याने डोक्यालिटी लढवली. ज्या आजीबाईंकडे तो जाणार होता, त्यांची नात फोनवरून त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागली. हा इकडून स्पॅनिशमध्ये शब्दांची यादी पाठवायचा, नात आजीला वाचून दाखवायची, आजी आपल्या भाषेत म्हणायची.

नुसता शब्द म्हणून चालत नाही. शेजारचे शब्द बदलले की सूर हलतो, म्हणून प्रत्येक शब्द एकाच वाक्यात बसवायचा. 'आता मी ऊ म्हणते.' 'आता मी दात म्हणते.' 'आता मी राख म्हणते.' प्रत्येक वाक्य तीनदा. पहिल्यांदा माणूस चाचपडतो, तिसऱ्यांदा कंटाळतो, म्हणून मधलं घ्यायचं. आणि हे मधलं कापून काढायला कोण? नवरा जिना उतरून आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला तसाही वेळ आहे."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. वेळ होता, हेच तर दुखणं होतं.

तर मी बसले कापत. हेडफोन लावायचे, तिसरं वाक्य संपलं की कात्री. पण आजीबाई तिथे थांबायच्याच नाहीत. 'आता मी राख म्हणते' तीनदा झालं की त्यांची गाडी सुटायची. मागे कोंबड्या, कुणावर तरी खेकसणं, खोकला, हसू, पुन्हा बोलणं. दळण टाकायला आलेली बाई गिरणीवाल्याला सोडत नाही ना, तशातली गत. मला अवाक्षर कळत नव्हतं. नवऱ्याला विचारलं, काय म्हणतात त्या? त्याने डोकं वर न काढता सांगितलं की ते यादीत नाही, मधलं ठेव, बाकीचं डिलीट कर, जागा खातं. त्यालाही कळत नव्हतं, ही खरी गोम. त्या भाषेतल्या प्रत्येक शब्दाची तो सालं काढून दाखवायचा, पण सलग दोन वाक्यं आली की साहेब गप्प.

घरात तर तो तसाही गप्पच होता. दिवसभर छतातून त्याचा आवाज यायचा, तो कुणीही न ऐकलेले शब्द वरच्या, मधल्या, खालच्या सुरात म्हणत असायचा. खाली आला की त्याच्याकडे दोनच वाक्यं उरायची, 'चहा आहे का' आणि 'माझा कॉल आहे, मिक्सर लावू नकोस'. घरी एकाच पाहुण्याला परवानगी होती आणि आम्हाला तोही नव्हता. एकदा मला आठवडाभर झोप लागेना, तर डॉक्टरने फोनवरच पॅरासिटामॉल घे आणि फिरून ये म्हणून सांगितलं. फिरून आले. कालव्यावर बदकं जोडीने बोलत होती, त्यांचाही राग आला.

म्हणून मी ते डिलीट केलं नाही. कापलेलं सगळं 'उरलंसुरलं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकत गेले आणि बटाटे सोलताना लावू लागले. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. यात थोर काही नव्हतं, मला सोबत हवी होती, बस.

दुसऱ्या वर्षीच्या सुरुवातीला नातीचा मेसेज आला. आजी गेली. त्याच साथीत, आठ दिवसांत. नवऱ्याने तो जेवणाच्या टेबलावर वाचला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "अजून साठ-सत्तर शब्द राहिले होते." मी ताटावरून उठणार होते. पण तो मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला, म्हणून बसले.

मेसेज तेवढ्यावर संपला नव्हता. नातीच्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून पाठवून झालं की ती आजीचं रेकॉर्डिंग पुसून टाकायची. आता घरात आजीचा आवाज कुठेच नव्हता. तुमच्याकडे असेल का, असं तिने विचारलं होतं. शब्द नकोत, आजी नुसती बोलत असेल असं काहीही.

नवऱ्याने उत्साहाने आमच्या फाइली उघडल्या. आता मी ऊ म्हणते. आता मी दात म्हणते. आता मी दगड म्हणते. दहाबारा ऐकल्यावर त्याचा त्यालाच आवाज बंद करावासा वाटला. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाला की बाकीचं तर आपण डिलीट केलं. 'आपण' म्हणाला हं! मी उठले, चहा टाकला, आलं किसलं, चहा गाळला. तेवढा वेळ त्याला शिजू दिलं. लाज वाटते का मला? नाही वाटत. मग सांगितलं की आहे, सगळं आहे.

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आजीबाईंची संमती फक्त यादीतल्या शब्दांसाठी होती. बाकीचं बाहेर द्यायचं तर आधी विद्यापीठाच्या समितीला विचारावं लागेल, एक फॉर्म असतो. मी म्हटलं, अरे, तिचा आवाज तिच्याच घरी जातोय, फॉर्म कसला काढतोस! आणि माझ्या लॅपटॉपवरून सगळं पाठवून दिलं.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी नातीचा लांबलचक मेसेज आला, स्पॅनिशमध्ये. मला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे नवरा वाचून मराठीत सांगू लागला. सगळं घर जमून ऐकतंय. आजी गुडघ्याबद्दल बोलते, शेजाऱ्याने सरकवलेल्या भिंतीबद्दल बोलते, कोंबड्यांना शिव्या घालते, काका ऐकून रडले आणि मग हसले. आजी तुमच्याबद्दलही बोलते, राग मानू नका, असं लिहून नातीने आजीचं बोलणं उतरवलं होतं. तिथे नवऱ्याचा वेग मंदावला. तो भाग गाळला असता तर मला कळलंही नसतं. त्याने गाळला नाही, एवढं श्रेय देते.

"हा माणूस इतक्या लांबून मला ऊ विचारतो," तो वाचत होता. "तीन-तीनदा विचारतो. त्याच्या घरात बोलायला कुणी नाही का?"

खाली नातीने लिहिलं होतं, हे आजी जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटी विचारायची.

प्रत्येक वेळी. मी वर्षभर तिची प्रत्येक फाइल ऐकली होती, आणि तिचं हे विचारणं दर वेळी माझ्याच हाताने कापून बाजूला टाकलं होतं. मला एकदम रडू आलं आणि त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

नवरा म्हणाला, तो भाग लाव बरं. नातीने फाइलचा नंबर दिला होता, मी लावला. त्याने पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकताना त्याने पेन्सिल उचलली आणि कागदावर सुरांची चढती-उतरती रेघ काढली. आपल्या यादीत एकही प्रश्न नव्हता, म्हणाला, प्रश्नात शेवटचा सूर कसा पडतो बघ.

मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"तुला विचारलंय तिने," मी म्हटलं. "उत्तर दे."

छतावर पावसाची पिरपिर चालू होती.

"आहे," तो म्हणाला. लॅपटॉपकडे बघून.