हेझलबाईंचा सातचा फोन

आयर्लंडमधल्या एनिसला, लेकीकडे येऊन सुमित्राबाईंना चार दिवस झाले, आणि पाचव्या दिवशी त्यांना कळलं की आपल्या मुलीला दुसरी एक आई आहे.

सकाळचे सात वाजले होते, ऑक्टोबरमुळे बाहेर अजून धड उजाडलंही नव्हतं, आणि खालून स्वयंपाकघरातून रेवाचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, मोकळं. सुमित्राबाई शाल लपेटून जिना उतरल्या. पोरगी फोन खांद्याशी दाबून कॉम्प्युटरवर काहीतरी उतरवून घेत होती आणि हसत होती. वर्ध्याच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाई त्या. इंग्रजी लिहिलेलं वाचता येत होतं, पण फोनमधून येणारा तो गोल गोल उच्चार काही पकडता येईना.

“कोन होतं गं?”

“हेझल. रोज सातला करते ती फोन.”

“रोज? काहून?”

रेवानं सांगितलं. हेझल अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, गावाबाहेरच्या घरात राहणारी. क्वेकर पंथाची. म्हणजे ख्रिस्ती लोकांतलीच छोटीशी मंडळी. त्यांना पाद्री नाही, मूर्ती नाही, गाणीबजावणी नाही. दर रविवारी हेझलच्या बैठकीच्या खोलीत आठ-दहा जण जमतात आणि तासभर गप्प बसतात. आणि रोज पहाटे हेझल अर्धं पान लिहिते, श्रद्धेबद्दल, शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल, माणसांवर प्रेम कसं करावं याबद्दल. तिला कॉम्प्युटर जमत नाही. ती वाचते, रेवा टाइप करून सगळ्यांना पाठवते. आजचं पान शेजाऱ्याच्या कुत्र्यावर होतं. तो हिचे वाफे उकरतो, तर त्याच्या मालकावर प्रेम कसं करायचं?

“त्याच्यात एवढं लिहून काय राहिली बाप्पा? कुंपण घाल म्हना.”

रेवा पुन्हा हसली, पण ते मघाचं हसणं नव्हतं. ते फोनबरोबर गेलं होतं.

त्या दिवसापासून सुमित्राबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्यानं बरं होण्यातलं नव्हतं. हेझल हे नाव घरात उठता-बसता निघायचं. पडदे हेझलनं शिवलेले. दाराशी लावलेलं रोप हेझलच्या बागेतलं. पाच वर्षांची ईशा आजीच्या मराठीला “इट्स ग्रँड, आजी” असं उत्तर देऊन पळायची आणि त्या बाईला ग्रॅनी हेझल म्हणायची. जावई संकेत जवळच्या शॅनन गावात नोकरी करायचा. तोही घरी आल्यावर पहिलं विचारायचा, हेझलचा गुडघा कसा आहे? सासूला गुडघे नाहीत की काय!

एक दिवस सुमित्राबाईंनी पाटवड्या केल्या, खास, लेकीला आवडतात म्हणून. रश्शाचा वास घरभर सुटला. रेवा दोन वड्या तोंडात टाकून म्हणाली, “अहाहा! आई, हेझलसाठी डबा भरते हं.” सुमित्राबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या म्हणाल्या, “थांब, मी भरते.” आणि लेकीची पाठ वळताच त्या डब्यातल्या रश्शात त्यांनी दोन चमचे लाल तिखट कालवलं. नागपुरी माणसालाही कानातून धूर काढायला लावील असं तिखट. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला, आत सफरचंदं. निरोप असा की डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं, पुन्हा कधी करणार?

आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? तिच्या चांगुलपणानं तर सुमित्राबाई आणखीच पेटल्या.

दोन आठवडे त्यांनी कळ काढली. मग एका रविवारी रेवानं विचारलं, “येतेस का गं सभेला? गप्पच बसायचं असतं, इंग्रजीचा प्रश्न नाही. कुणाला आतून वाटलं तर उठून बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, नंतर वादही घालत नाही.”

मध्ये कुणी तोडत नाही, हे सुमित्राबाईंनी नीट ऐकून ठेवलं.

हेझलची बैठक साधी होती. गोलात मांडलेल्या खुर्च्या, मधे एक टेबल. हेझल हाडकुळी, उंच, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. तिनं दोन्ही हातांनी सुमित्राबाईंचा हात धरला आणि रेवाला आपल्या शेजारी बसवलं. आपल्या शेजारी! पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी खाकरलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि रेवाच्या चेहऱ्यावर अशी शांती की आईनं ती कधी पाहिली नव्हती. तेच त्यांना सहन झालं नाही. त्या उठल्या आणि वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहून मराठीत बोलल्या.

“मी सुमित्रा. वर्ध्याची. रेवाची आई, खरी. तीन महिन्यांसाठी आली मी. या बाईनं माझी पोरगी घेतली. सकाळचा पयला शब्द पोरगी हिले देते, चांगला घास हिले देते. नात हिले ग्रॅनी म्हनते अन् माह्यापासून पळते. प्रेम करा, प्रेम करा, रोज लिहून राहिली ही. दुसऱ्याच्या लेकरावर प्रेम कराले काय लागते? बस. एवढंच.”

आणि त्या बसल्या. कुणी मान वळवून पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं तर कृतज्ञतेनं मान लववली. रेवाचे कान तेवढे लाल झाले होते. उरलेला पाऊण तास त्या लाल कानांकडे बघत सुमित्राबाईंनी काढला.

तास संपला, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, चहा आला. हेझल रेवाला म्हणाली, “तुझी आई काय बोलली ते मला कळायला हवं असं वाटतं. सांगशील?”

रेवाला काहीही सांगता आलं असतं. हवापाणी, देव, आयर्लंडची हिरवळ. पण या खोलीत खोटं बोलायचं नाही हे ती इथेच शिकली होती. तिनं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं, ‘खरी’ या शब्दासकट.

हेझलनं हातातला कप टेबलावर ठेवला. मग सुमित्राबाईंकडे बघून म्हणाली, “खरं आहे तुमचं. मला मूल नाही. रेवासाठी मी एकदा हात पुढे केला आणि मग मागे घेतलाच नाही. तुम्ही इथे आहात तोवर मी फोन करणार नाही.”

रेवानं हेही आईला सांगितलं, बातम्या वाचाव्या तसं कोरडं.

सुमित्राबाई भांडणाच्या तयारीनं आल्या होत्या. भांडण न करताच जिंकल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी चक्क हवेचं कौतुक केलं.

सोमवारी सातला फोन वाजला नाही. सुमित्राबाईंनी साडेसहालाच उठून आल्याचा चहा केला होता. रेवा येऊन समोर बसली. ईशा आणि संकेत वर झोपलेले. घरात फक्त मायलेकी, अगदी त्यांना हवं होतं तसं. साडेआठपर्यंत रेवाला कामावर निघायचं नव्हतं. सुमित्राबाईंना इतका आनंद झाला की त्या बोलत सुटल्या. थोरल्या लेकानं, शिरीषनं, पुण्यात केवढा फ्लॅट बघितलाय. शिरीषच्या बायकोला भाजी निवडायचा कंटाळा. शिरीषला बढती मिळेल असं वाटतं, पण त्याचा साहेब बदलला. शिरीषचं पोट पुन्हा बिघडलं होतं.

रेवा चहा ढवळत होती. साखर कधीच विरघळली होती.

“आई, वीस मिनिटं झाली,” ती म्हणाली.

“कशाले?”

“तू दादाबद्दल बोलते आहेस त्याला. हेझलचा फोन वीस मिनिटांचाच असायचा.”

“मंग? तुह्या भावाचं सांगू नको?”

“दादाच्या लग्नाच्या आठवड्यात मी तुला फोन केला होता. आठवतो?”

सुमित्राबाईंना लग्न आठवत होतं. फोन अंधुक आठवत होता. पाहुणे, हळद, मांडववाला पैशांसाठी दारात उभा.

“पाचवा महिना होता माझा,” रेवा म्हणाली. “मी हॉस्पिटलमधून बोलत होते. बाळ गेलं म्हणाले, तर तू म्हणालीस, लग्नघर आहे, आत्ता रडू नको. होतं असं. अन् मग फोन दादाच्या हातात दिलास, शुभेच्छा द्यायला. मी दिल्या.”

बचावाला सुमित्राबाईंकडे बरंच होतं, आणि ते सगळं खरंही होतं.

“संकेतची नोकरी तेव्हा जायच्या बेतात होती, तो सुट्टी काढू शकत नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला हेझल आली होती. मला ओळखतही नव्हती. खुर्ची ओढून बसली माझ्याजवळ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक अक्षर बोलली नाही. मी रडले, तेव्हाही नाही.”

वर ईशाच्या पावलांची धडधड झाली आणि थांबली.

“मुलगा होता,” रेवा म्हणाली. “नाव ठेवलं होतं आम्ही.”

“काय नाव?” सुमित्राबाईंनी विचारलं, अगदी हळू.

रेवानं कप बाजूला सारला. सुमित्राबाई थांबल्या. शिरीषचं नाव जिभेच्या टोकाशी होतं, सवयीनं. ते त्यांनी गिळलं.

“मोहन,” रेवा म्हणाली. “तो गेला त्या तारखेला हेझल दर महिन्याला फोनवर त्याचं नाव घेते. तिला नीट म्हणता येतं.”

“मोहन,” सुमित्राबाई म्हणाल्या.

त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. तिकडे गावाबाहेरच्या त्या घरात ते दीड वर्ष मुरलं होतं. नातवाचं नाव आपल्याआधी त्या बाईच्या ओठांवर बसलं, याचा सुमित्राबाईंना असा हेवा वाटला की पाटवड्यांचा, पडद्यांचा, हसण्याचा सगळा हेवा त्यापुढे पोरखेळ ठरला. आणि या वेळी, कितीही शोधलं तरी, हिनं घेतलं असं म्हणायला समोर कुणी नव्हतं.