माकडांची पंगत

श्रावणातल्या एका सोमवारी आण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्या चारचौघांबरोबर येडशीच्या रामलिंगला गेले. गुडघ्यांमुळं आई घरीच राहिली. तिथं आण्णांनी फुटाणे टाकता टाकता चक्क माकडांची पंगत बसवली. गावातल्या प्रत्येक लग्नात वाढप्यांवर ओरडणारा माणूस, त्याला माकडांची ढकलाढकली कशी सहन होणार? "बसून घ्या, बसून घ्या, मागच्या पंगतीला बी मिळंल," असं ते त्यांना दटावत होते म्हणे. कुणीतरी ते फोनवर टिपलं. मग जो भेटेल तो सांगायचा, आण्णांचा व्हिडिओ नेटवर लई चाललाय. नेटवर आहे म्हटल्यावर कुठं पळून जातोय, बघू निवांत, असं मला वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर आण्णा अचानक गेले. साधा बटनांचा फोन वापरणारा माणूस, त्यांचा आवाज घरात कुठंच साठवलेला नव्हता. तेराव्यानंतर आई म्हणाली, तो माकडांचा लाव, एकदा ऐकू दे.

मी धाराशिवला ऑफिसात दिवसभर संगणकावरच असते. मला वाटलं, चुटकीसरशी काढून देईन. नेहमीच्या शोधयंत्रानं रामलिंगला जायचा रस्ता आणि जवळची हॉटेलं दाखवली. व्हिडिओच्या साइटवर शोधलं तर जगभरची माकडं नाचत आली. फोटोंच्या ॲपवर जोडपी आणि धबधबा. कुणीतरी सुचवलं, फोटो देऊन शोधायचं यंत्र वापर. आण्णांचा फोटो दिला, तर त्यानं पांढऱ्या टोपीतले ढीगभर अनोळखी म्हातारे समोर उभे केले. त्यांच्यात आण्णा शोधताना मला रडू फुटलं. शेवटी त्या बोलणाऱ्या यंत्राला विचारलं. त्यानं फार अदबीनं दिलगिरी व्यक्त केली. त्या अदबीचा मला राग आला.

मग परंड्याच्या चुलतभावाला फोन लावला. पहिल्यांदा त्यानंच मला व्हिडिओची बातमी दिली होती. नेटवर म्हणजे नेमका कुठं पाहिलास, असं विचारलं.

"कुठं म्हणजे? स्टेटसला व्हता की, ताई. समद्यांनी ठिवलेला."

आमच्याकडं नेट म्हणजे स्टेटस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकानं ठेवलं, दुसऱ्यानं मागून घेतलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचंच पुसलं गेलं. मूळ कुणी काढला, कुणालाच ठाऊक नाही. ज्यांच्या फोनमध्ये राहिला होता त्यांनी सुप्रभातच्या फुलांबरोबर तोही काढून टाकला, फोन भरला म्हणून. मी घरोघर फोन करून पाहिले. सगळे हळहळले, आण्णांचं ते वाक्यही म्हणून दाखवलं. आवाज मात्र त्यांचा स्वतःचा.

रविवारी घरी गेले तर आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली. स्टेटसचं काय ते तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"समद्या गावानं बघितलाय म्हणतेत," ती म्हणाली. "मग जाईल कुठं? नीट बघ की."

मी पुन्हा रामलिंग, माकड, पंगत असं टाइप केलं. आई पडद्याकडं कान देऊन बसली.