मामानं पसंत केलेला लॅपटॉप

युएगुईनं सत्तावीस वर्षं लॅपटॉप बनवले आणि स्वतःच्या घरात एकही आणला नाही. तैवानमधल्या थाओयुआनच्या कारखान्यात ती लॅपटॉपच्या आतले सर्किट बोर्ड तपासायची. डोक्यावर टोपी, मनगटाला तार जोडलेलं कडं, समोर दिवा लावलेलं भिंग. बोर्ड एकामागून एक येत राहायचे आणि सोल्डरिंगचा एखादा थेंब जागा सोडून पडलेला दिसला की ती तो बोर्ड बाजूला काढायची. तिनं काढलेला बोर्ड परत लाइनवर ठेवायची साहेबाचीही छाती नव्हती. एकदा एका नव्या साहेबानं करून बघितलं, तेव्हा तिनं लाइनच थांबवली आणि हाताची घडी घालून बसली. शेवटी साहेबानं बोर्ड लाइनवरून उचलला.

पुढे कारखाना व्हिएतनामला गेला आणि तिथल्या बायका घरी बसल्या. युएगुईकडे एक सवय तेवढी उरली. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ती जवळच्या लोखंडाला बोट टेकवायची, अंगातली वीज उतरावी म्हणून. टीव्ही लावायचा तरी आधी खिडकीचा गज. तिची मुलगी पेइरोंग हसायची.

त्या उन्हाळ्यात पेइरोंगला विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जागा मिळाली, आणि मामानं जाहीर केलं, की भाचीचा लॅपटॉप मी घेणार. मामा म्हणजे युएगुईचा थोरला भाऊ चिंगशान. बाथरूमच्या फरश्यांचं दुकान, आवाज मोठा, मन वाईट नाही. आणि इकडे मामाचा मान केवढा! मुख्य टेबलावर मामा बसल्याशिवाय जेवणावळीत कुणी जेवायच्या काड्या उचलत नाही. मामानं दिलेली वस्तू नाकारायची म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

तिघं तैपेईच्या कॉम्प्युटर बाजारात गेली. चिंगशाननं लॅपटॉप आधीच ठरवून ठेवला होता. चंदेरी, पापडासारखा पातळ. विक्रेत्यानं वाकून, दोन्ही हातांनी, आपलं कार्ड चिंगशानला दिलं. युएगुईला दिलं नाही.

"बघा साहेब, एका बोटावर उचलता येतो. मुलींना हाच आवडतो."

"कसा आहे?" चिंगशाननं भाचीला विचारलं.

"छान आहे मामा," पेइरोंग म्हणाली आणि तिनं जमिनीकडे पाहिलं.

युएगुईनं ते पाहिलं. वरच्या वर्गातल्या मुलांनी पाठवलेली यादी महिनाभर घरच्या फ्रिजवर चिकटवलेली होती. मेमरी निदान सोळा जीबी हवी, आणि पुढे वाढवता यायला हवी. पोरीनं त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती, आणि आता मामासमोर ती 'छान आहे' म्हणत होती.

युएगुईनं टेबलाच्या लोखंडी पायाला बोट लावलं.

"मावशी, हा चावत नाही," विक्रेता हसला.

तिनं लॅपटॉप उलटा केला आणि खालचा बारीक नंबर वाचला. कारखान्यातली शेवटची दोन वर्षं याच नंबरचे बोर्ड तिच्या भिंगाखालून गेले होते. "यात मेमरी आठ आहे आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. नवी बसवायला जागाच नाही. दोन वर्षांत ही पोर रडेल."

विक्रेत्याचं हसू जरा आखडलं. "मावशी, एवढं कोण बघतं?"

"मी बघते. तो काळा दाखव."

काळा लॅपटॉप जाडजूड होता. त्याचं पोट उघडायला लावून तिनं आत पाहिलं. मेमरीच्या दोन खाचा, एक रिकामी. डिस्कही बदलता येण्यासारखी. तिनं मान डोलावली, पूर्वी चांगल्या बोर्डाला डोलवायची तशी.

"ही वीट घेऊन ती वर्गात जाणार?" चिंगशान म्हणाला.

"ती प्रोग्रॅम लिहायला चाललीय दादा, मिरवायला नाही."

"आणि बनवणारे काय वेडे आहेत? त्यांना कळत नाही, तुला कळतं?"

"बनवणारी मीच होते, दादा."

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. चिंगशानचे कान लाल झाले. "मामाचं देणं परत करतेस?"

"तुझं प्रेम ठेवून घेते. लॅपटॉप परत करते."

पैसे तिनं स्वतःचे दिले. चिंगशाननं तिथल्या तिथं चंदेरी लॅपटॉप स्वतःसाठी घेतला, केवळ ईर्ष्येनं, आणि तो एकटाच बसनं घरी गेला.

पेइरोंगच्या कौतुकाच्या जेवणाला तो आला नाही. बरं नाही, असा वहिनीचा फोन आला. नातेवाइकांना तोंडीलावणं मिळालं. चुलतसासू म्हणाली, "एका यंत्रापायी सख्खा भाऊ तोडलास."

"तोडला नाही. त्याची खुर्ची तिथंच आहे."

मुख्य टेबलावरच्या त्या खुर्चीत तिनं कुणाला बसू दिलं नाही. मासा आला तेव्हा पहिला तुकडा त्या रिकाम्या ताटलीत वाढला. भांडी घासताना मात्र ती रडली. भाऊ दुरावला याचं दुःख होतं. काळ्या लॅपटॉपचा पस्तावा तिला कधीच झाला नाही, आणि का व्हावा? पेइरोंगनं महिन्याभरात रिकाम्या खाचेत नवी मेमरी बसवली. ती बसवण्याआधी तिनं न सांगता खिडकीच्या गजाला बोट लावलं.

हिवाळा आला. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी घरोघर तांदळाच्या पिठाचे गोड गोळे उकडतात. युएगुईनं पातेलं चुलीवर ठेवलं होतं, तेवढ्यात चिंगशान दारात उभा. काखेत चंदेरी लॅपटॉप. बाजारातल्या त्या दिवसापासून भावाबहिणीत अवाक्षर नव्हतं. त्यानं बहिणीकडे न बघता भाचीला हाक मारली.

"पेइरोंग, तू शिकतेस ना यातलं? बघ जरा. फरश्यांचे फोटो टाकले की हलतच नाही. काहीतरी वाढवून दे."

पेइरोंगनं हात मागे घेतले. "मामा, मला नका दाखवू. आईला दाखवा."

चिंगशाननं काखेतला लॅपटॉप काढला आणि दोन्ही हातांनी धाकट्या बहिणीपुढे धरला.

युएगुईनं हात पुसले. नळाला बोट टेकवलं. लॅपटॉप घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"फोटो कमी कर दादा. यात वाढवायला जागा नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो," चिंगशान म्हणाला. "तू सांगितलं होतंस."