गुड फ्रायडेचा शेरवा

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. बायकोच्या घशात गाठ निघाली होती, आणि दवाखान्यातल्या रेडिएशनच्या शेकांनी तिचं तोंड आतून पार सोललं होतं. पेज द्यायचो, ती निम्मी बाहेरच यायची. मी गवंडी माणूस, शाळा दुसरीपर्यंत. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्या पडेगावच्या घरात कधी मटण-मासळी शिजली नाही, ह्याचा मला लई अभिमान. चर्चमधलं कुणी उपवासकाळात बिर्याणी खाल्लेलं कळलं की मी तोंडावर बोलायचो. हिच्यासाठी प्रार्थना करतानाही मनात हेच, की मी एवढं पाळतो, तर देवानं ऐकायला पाहिजे. तो ऐकत नव्हता, आणि मला त्याचा राग यायला लागला होता.

गुड फ्रायडेला मी उपासनेला निघालो, तेव्हा हिनं बोटानं जवळ बोलावलं. कित्येक दिवसांत तिनं आपणहून काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी बकऱ्याच्या पायाचा पातळ शेरवा मागितला. मी म्हणालो, रविवारी. आजाऱ्याला उपास नसतो हे फादर मागंच सांगून गेले होते, मला ते ठाऊक होतं. तरी म्हणालो, आजच्या दिवशी ह्या घरात हाडूक शिजणार नाय. ती भांडली नाही.

"देव तुमच्यापरीस सोपा हाये वो," एवढंच म्हणाली.

मी चपला घालून निघालो. क्रुसापुढं गुडघे टेकले, पण डोळ्यांपुढं सारखं तिचं ते बोट येत होतं.

ऊन कलताना परतलो तर शेजारची रशीदाबी दारात उभी, हातात झाकलेला डबा. तिचा रमजान चालू होता. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं, हिचा आवाज तर खाटेपलीकडं जात नव्हता. इफ्तारीसाठी पाये चढवले, त्यात हिची आठवण झाली, म्हणून बिनमिरचीचा शेरवा वेगळा काढून आणला म्हणे.

"भाभी के वास्ते है. मेरा रोजा है भाईजान, नमक नै चखी. तुमीच जरा देख लेव, उनका मुँह छिला हुआ है."

दिवसभर थेंबभर पाणी न घेतलेली बाई दुसऱ्यासाठी रांधून आली होती. हे कुणी धाडलंय ते मला उंबऱ्यातच कळलं. डबा परत करायची छाती झाली नाही. पण कळूनसुद्धा मी चाखलं नाही. बोट बुडवून जिभेला लावायचं, एवढंच काम होतं. माझा उपास मोडेल म्हणून तसाच चमचा हिच्या तोंडात घातला. मीठ जास्त होतं. तिनं दोन्ही मुठींत चादर आवळली. आवाज फुटला नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं ते रात्रीपर्यंत.

आता ती नाही. लोक म्हणतात, तात्या, तुम्ही बायकोचं लई केलं. मी मान हलवतो. देवानं तिचं मागणं दारापर्यंत पोचवलं होतं, पुढची चार पावलं माझ्याकडं होती, आणि ती मी माझ्या पुण्याईसाठी राखून ठेवली. उपास मी अजून धरतो, पण त्याच्या बदल्यात काही मागत नाही. रशीदाबी दिसली की हात जोडतो. ती हसते, तिला कारण ठाऊक नाही.

त्या गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उजाडल्याबरोबर मी उरलेला शेरवा पातेल्यात ओतला, पाणी घातलं, गॅस बारीक केला. चाखला. खारट होता. आणखी पाणी घातलं, परत चाखला. जिभेला मीठ जाणवेना तेव्हा निववला आणि वाटी घेऊन खाटेशी बसलो. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. मग तिची नजर माझ्या मिशीवर गेली, तिथं शेरवा लागला होता. बराच वेळ ती बघत राहिली, आणि तिनं तोंड उघडलं.