टकल्याची तिसरी पकड

तिला सगळे पाल म्हणतात आणि त्याचा तिला राग येत नाही. तिला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा, आणि त्यांना तोटा नाही. आठवडाभर ती दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवते. केसभर जास्त घासलं गेलं तर कवळी हिरडीवर बसत नाही, म्हणून अवघड कामं मालकीणबाई हिच्याच गळ्यात मारतात. सुट्टी आली की पाठीवर जाड गादी, कमरेला खडूच्या पुडीची पिशवी, आणि बाई डोंगरावर. "लोकांचे दात घडवते आणि स्वतःचे दगडावर पाडून घेते," असं वहिनी म्हणते. वहिनीचं खोटं नाही. पालीचा पुढचा एक दात तिने स्वतःच बनवलेला आहे.

डोंगराच्या खांद्यावर मोठमोठे दगड पसरलेत. त्यातला सगळ्यात गुळगुळीत तो टकल्या. दोन पुरुष उंच. दोर नाही, खिळा नाही, पडलं तर खाली गादी. मागून कुणीही चालत त्याच्या डोक्यावर जाईल, पण पाल एकदाही गेली नव्हती. समोरून जायचं, नाहीतर जायचंच नाही. समोरून सात पकडी, आणि तिसरी म्हणजे अर्ध्या नखाएवढी कडा. तिथून ती आठ वर्षं पडत होती. तरी त्या दगडावर तिचा जीव होता. सकाळी तो गार असायचा, तेव्हा ती आधी नुसता तळहात टेकून उभी राहायची, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक कडा साफ करायची.

या चढणाऱ्या मंडळींचा एकच कायदा. दगडाला हात लावायचा, हत्यार नाही. नाही जमलं तर आपण कमी पडलो, दगड नाही. पालीच्या उजव्या हाताच्या एका बोटाचा सांधा झिजला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढं वर्ष चढा, मग बंद. म्हणजे टकल्या आता, नाहीतर कधीच नाही.

आणि एका सकाळी तिची बोटं तिसऱ्या पकडीत दोन पेरं आत गेली.

ती गादीवर उतरली, पुन्हा वर गेली, पाहिलं. कडा नव्हतीच. तिथे छान खोबण होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या दगडावर चार कॉलेजची पोरं होती. त्यांना तिने असं फैलावर घेतलं की बिचारी आपल्या गाद्या उचलून निघून गेली. पोरं शपथा घेत होती, पण ऐकतंय कोण?

मग तिने खोबणीत पुन्हा बोट फिरवलं आणि तिचा हात थांबला. आतली धार मोडलेली होती. अलगद, गोल, कानशीने घासून. घरातल्या प्रत्येक पायरीची धार अशीच मोडलेली होती. तिचा थोरला भाऊ पाथरवट. "धार ठेवली की कुणाचंतरी कातडं सोलतं," हे त्याचं आयुष्यभराचं वाक्य.

दादा अंगणात छिन्नीला धार लावत बसला होता.

"टकल्याला हात लावलास?"

तो हसला. वर पाहिलंसुद्धा नाही. "कळलं होय? मंगळवारी गेलो होतो. अगं, आठ वर्षं पडतेस. बोट गेलंय. म्हटलं, बोटभर जागा केली तर कुणाचं काय जातं?"

"माझं जातं."

"दगडच आहे तो."

"मग तुझी जोत्याची कामं मी रात्रीतून सरळ करून ठेवू? तुझ्या नावावर?"

आता दादा गोंधळला. त्याने आयुष्यात कुणाचं काम बिघडवलं नव्हतं. "भरून देतो," तो उठत म्हणाला. "दगडाची पूड कालवून. तुलासुद्धा ओळखू येणार नाही."

तो घमेलं घेऊन तिच्या मागोमाग डोंगर चढला. दगडापाशी जाऊन त्याने खोबण निरखली, आणि त्याचा चेहरा उतरला. जुनी कडा तर त्याने पहिल्या घावातच उडवली होती. भरायचं ते कशासारखं भरायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"केवढी होती ती?" त्याने विचारलं.

पालीने हातांना खडू लावला. ती अजून संतापलेलीच होती. तशीच ती चढायला लागली. पहिली, दुसरी. तिसरीत बोटं आपसूक जाऊन बसली. पुढच्या चार पकडी तर खालून बघून बघून तिला झोपेतही पाठ होत्या. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती टकल्याच्या डोक्यावर उभी होती.

खाली दादा टाळ्या वाजवत होता. डोळे भरलेले. "बघ," तो म्हणाला, "जमलं की नाही तुला?"

"मला नाही जमलं, दादा," ती वरून म्हणाली. "तुला जमलं."

त्याचे हात खाली आले. ती तिथेच पाठ फिरवून बसली, आणि तो दोनदा हाक मारून गेला तरी तिने वळून पाहिलं नाही.