उन्हात वाळवलेले बूट

मळणीयंत्रानं गुलाबरावच्या उजव्या हाताची बोटं खाल्ली, त्याला आता सहा वर्षं झाली. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. पण माणूस असा हट्टी, की शेतीकाम सुटलं तरी घरी बसला नाही. अमडापूरजवळच्या एका गोदामावर वॉचमन झाला. डाव्या हातानं नोंदवही लिहायला शिकला, गेटाचं कुलूप उघडायला शिकला. जमल्या नाहीत त्या फक्त बुटाच्या नाड्या!

त्या बांधायची त्याची बायको अन्नपूर्णाबाई. सकाळी हा उंबऱ्यावर, ती खाली पायरीवर.

"जरा ढिल्ली बांध न."

"ढिल्ली बांधू अन् रस्त्यात पडू देऊ काय तुमाले?"

एकदा बांधलेला बूट मग संध्याकाळीच सुटायचा. पण महिन्यापूर्वी ड्युटीवर मोज्यात कुसळ शिरलं. टोचून टोचून जीव नकोसा झाला, म्हणून त्यानं बूट काढला, आणि नेमके तेव्हाच सुपरवायझर चंद्रशेखर साहेब येऊन उभे राहिले. लोंबणाऱ्या नाड्या त्यांनी पाहिल्या.

"चोराच्या मागं असाच फरफटत धावशील काय बे? एक तारखेले येतो. माह्यासमोर बूट काढायचे अन् घालायचे. नाही जमलं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नको."

वीस वर्षांनी लहान पोरगा, आणि 'बे' म्हणतो! गुलाबरावनं ते गिळलं. नोकरी गेली तर या हाताला दुसरं काम कोण देणार?

त्याची पुतणी योगिनी बुलडाण्याला कॉलेजात शिकते. तिथल्या थ्रीडी प्रिंटरवर, प्लास्टिक वितळवून थरावर थर चढवणाऱ्या मशीनवर, तिनं काकासाठी दोन लॉक छापून आणले. चिंचोक्याएवढे, आत बारीक दात. दोन्ही नाड्या ओवून ठेवलेल्या. ओढायच्या आणि लॉक अंगठ्यानं खाली सरकवायचा, की दात धरून ठेवतात. एका हाताचं काम!

"काका, फक्त उन्हात नका ठेवू. हे प्लास्टिक उन्हानं नरम पडते."

"हाव न पोरी," गुलाबराव म्हणाला. खरं सांगायचं तर त्यानं ऐकलंच नाही. त्याचं सगळं ध्यान बुटात. अकरा वेळा त्यानं बूट घातला आणि काढला. डोळे भरून आले तसा हसायला लागला.

"चला, माही सुटका झाली एकदाची!" अन्नपूर्णाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेच्या ऑटोनं बायांबरोबर भाजीच्या तोडणीला जाऊ लागली.

मे महिन्याच्या एकतीस तारखेला त्याची सुट्टी होती. तो मेहकरला लग्नाला गेला. उद्या साहेब येणार म्हणून अन्नपूर्णाबाईनं त्याच्या मागं बूट घासून घासून धुतले आणि पटकन वाळावे म्हणून भर दुपारी घराच्या पत्र्यावर ठेवले. आपल्याकडचं मे महिन्यातलं पत्र्यावरचं ऊन! संध्याकाळी तो आला तेव्हा बूट दाराशी चकाकत होते.

"पाहा बरं, तोंड दिसते त्यात!" ती म्हणाली. तोही कौतुकानं लांबूनच हसला.

सकाळी ती तोडणीला निघून गेल्यावर त्यानं बूट घातला. लॉक सरकवला, तो घसरला. पुन्हा सरकवला. दोन्ही लॉक वाकडे झालेले, आतले दात पार सपाट झालेले. योगिनीचं बोलणं त्याला आत्ता ऐकू आलं. बायकोला एक शब्द सांगितला असता तर! तिचा काय दोष? नाड्या बुटात कोंबून तो तसाच ड्युटीवर गेला.

साहेब आले, खुर्ची टाकून बसले. गुलाबरावनं डाव्या हातानं ओढलं, दातांत धरलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. गाठ काही पडेना. गोदामाचे हमाल पोती खाली ठेवून पाहत उभे राहिले. बऱ्याच वेळानं साहेब म्हणाले, "राहू दे. उद्यापासून येऊ नको." आवाज मऊ होता, पण निर्णय तोच.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईनं दारातच विचारलं, "काय झालं हो?"

"काय होते? पास."

"अन् हे लॉक कुठी गेले?"

"पडले कुठंतरी रस्त्यात. जाऊ दे न."

"ध्यान कुठी राह्यते तुमचं!" ती करवादली.

दुसऱ्या सकाळी दारापुढे ऑटो वाजला. "तुमी व्हा पुढं वं, ह्यांच्या नाड्या बांधाच्या हायेत," असं बायांना ओरडून सांगून ती पायरीवर बसली. गुलाबराव अंगात वॉचमनचा ड्रेस घालून उंबऱ्यावर बसला होता. त्यानं पाय पुढे केला.

"ढिल्ली बांधू काय?"

"नाही," तो म्हणाला, "घट्ट बांध." मग डबा घेऊन उठला आणि ती पाहत होती तोवर गोदामाच्या रस्त्यानं चालत राहिला.